शांताक्कांचा क्लच

शांताक्का मोटारसायकलीचा क्लच कानानं पारखतात, असं मी माहेरी कळंबला सांगितलं तर सगळे हसले. हसू देत. ज्यांनी कडक भाकरीवर टिचकी मारून तिचा आवाज कधी ऐकलेला नाही, त्यांच्याशी मी क्लचवर वाद घालत नाही.

मी शुभांगी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. उमरग्यापासून अकरा किलोमीटरवर, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या या गावात माझी बदली झाली आणि मी शांताक्कांच्या पुढच्या खोलीत भाडेकरू म्हणून शिरले, त्याला आता पाच वर्षं झाली. शिरताना वाटलं होतं, आपण आपल्या खोलीत, ते त्यांच्या घरात. तिसऱ्याच दिवशी अक्का माझ्या खोलीत उभ्या राहून माझी पोळी उजेडाकडं धरून बघत होत्या.

"बाई, ह्याला पोळी म्हंत्यात व्हय तुमच्या कळंबात?"

त्यानंतर मी स्वयंपाक करणं जवळजवळ सोडूनच दिलं. अक्कांच्या चुलीपुढं पाट मांडला आणि तिथंच राहिले.

अक्का आता बावन्न वर्षांच्या आहेत. माहेर सीमेपलीकडचं, घरात सगळं कानडी. विसाव्या वर्षी महांतप्पांशी लग्न होऊन इकडं आल्या तेव्हा त्यांना मराठीतले तीन शब्द येत होते: या, बसा, जेवा. पहिलं वर्ष या तीन शब्दांवर निभावलं. बाकीची मराठी त्या नवऱ्याशी भांडता भांडता शिकल्या. आपल्या भाषेत भांडलं तर समोरच्याला कळत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांची मराठी इतकी तयार झाली आहे की अप्पांनाच अधूनमधून कानडीचा आसरा घ्यावा लागतो.

अक्कांचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची, कागदासारखी पातळ भाकरी तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या निखाऱ्यापुढं उभी करून पार कोरडी करायची. महिनाभर टिकते. झाली की नाही हे अक्का डोळ्यांनी बघत नाहीत. बोटाचं हाड वाजवतात. टण् आवाज आला तर झाली, थप् आला तर पोटात अजून ओल आहे. उमरग्याच्या हायवेवरचे ढाबे अक्कांची भाकरी घेतात, आणि ती पोचवायचं काम अप्पांच्या मोटारसायकलीचं.

अप्पा म्हणजे देवमाणूस. दोनच खोडी. एक, क्लच असा सोडतात की जणू हातातून तापलेलं पातेलं सोडतायत. गाडी गोमाशी चावलेल्या बैलासारखी उधळते. आणि दुसरी खोड, हे त्यांना सांगितलेलं चालत नाही. "तीस वरसं झाली गाडी चालवतोय," एवढं बोलून ते मिशीवरून हात फिरवतात. तीस वर्षं चुकीचं करत आलं की ते बरोबर होतं, असा त्यांचा हिशेब असावा.

मग ती वेळ अमावस्या आली, गेल्याच्या गेल्या वर्षीची.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे इवलीशी खोपटी करायची, तिच्यात पूजा मांडायची आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील, ज्वारीचे उंडे असं दणकून जेवायचं. वाटेनं जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून जेवू घालायचं आणि त्यानं नाही म्हणायचं नाही. या दिवशी अक्का दरवर्षी एक्कावन्न कडक भाकऱ्या आपल्या लेकीच्या, शिवप्रियाच्या सासरच्या शेतावर पाठवतात. शेत नऊ किलोमीटरवर. त्या वर्षी अप्पांनी भाकऱ्यांची बुट्टी, म्हणजे टोपली, गाडीला मागं करकचून बांधली, नऊ किलोमीटर आपल्या पद्धतीनं क्लच सोडत गेले आणि विहीणबाई नागम्मांच्या पुढ्यात बुट्टी उघडली. नागम्मांनी आत बघितलं. शेतातल्या पंचवीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इनबाईंनी औंदा भाकरीच्या जागी चुरमुरे धाडलेत काय?"

ही बातमी अक्कांपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली.

अप्पा म्हणाले, भाकरी लई पातळ केलीस. अक्का म्हणाल्या, भाकरी पातळच असती, हात जड हाय तुमचा. हे भांडण संक्रांत ओलांडून पुढं महाशिवरात्रीपर्यंत चाललं. मला दोन्ही बाजू पाठ झाल्या. आणि एके दिवशी भाकरी थापता थापता अक्का एकदम थांबल्या आणि हात तसाच पिठात ठेवून म्हणाल्या, "बाई, म्या गाडी शिकते."

मी हसले. चूक झाली. त्या हसल्या नाहीत.

"तीस वरसं मागं बसून फिरले. सगळं उमरगं ह्यांच्या खांद्यावरनं बघितलं. थांबा म्हणलं तर थांबत न्हाईत, जाऊ म्हणलं तर टाइम न्हाय म्हंत्यात. भाकरी माझी, गिऱ्हाईक माझं, आन किल्ली ह्यांच्या खिशात. लई झालं."

म्हणजे भाकरीचं दुःख वरवरचं होतं. आतलं दुःख किल्लीचं होतं. मला लाज वाटली माझ्या हसण्याची, खरंच.

पण अक्का नुसती गाडी शिकायला निघाल्या नव्हत्या. आधी क्लच शिकायचा, असं त्यांनी ठरवलं. भाकरी मोडते ती गाडी सुटताना, आणि गाडी सोडतो क्लच. म्हणून अप्पा उमरग्यात चहा पीत बसले की अक्का मल्लेश फिटरच्या गॅरेजात टायरवर बसून त्याचे हात बघायच्या. घरी आल्या की अप्पांच्या दुपारच्या झोपेत पाना घेऊन गाडीशी.

पहिलाच पराक्रम ऐका. क्लचची वायर बाहेरच्या नळीत कोरडी झाली की अडकत अडकत सरकते आणि झटका देते, हे त्यांना कळलं. मग त्यांनी हँडलकडचं टोक सोडवलं, वायर उभी धरली, प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा दोऱ्यानं तोंडाशी बांधला आणि वरून तेल सोडलं. थेंब थेंब करत खालच्या टोकातून बाहेर येईपर्यंत. सगळं अगदी मल्लेशसारखं. फक्त तेल घाण्याचं, करडईचं.

"आपल्या पोटाला चालतंय, मग वायरला काय धाड भरली?" असं त्या मला म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. मी बी.एड. आहे.

आठ दिवस क्लच लोण्यासारखा चालला. अक्का अंगणात अशा फिरायच्या की जणू आमदार झाल्या आहेत. पंधराव्या दिवशी अप्पांनी महादेवाच्या देवळापुढं क्लच दाबला आणि तो आत गेला तो परत आलाच नाही. अप्पा गिअरवर गिअर टाकतायत, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. देवळातली भजनी मंडळी टाळ खाली ठेवून बाहेर आली. अक्कांनी वायरचं टोक हातात घेऊन हुंगलं आणि कपाळावर हात मारला. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो पिवळा चिकटा धरतो, तोच नळीभर धरला होता. ज्या बाईनं जन्मभर तो चिकटा राखेनं घासून काढला, तिनंच तो वायरमध्ये भरून ठेवला होता. मल्लेश इतका हसला की त्याला बसावं लागलं. "अक्का, वायर तळायला टाकली व्हती काय?"

नळी डिझेलनं धुतली, इंजिनचं ऑइल सोडलं आणि अक्का पुन्हा उभ्या राहिल्या. त्यानंतर मात्र चुकल्या नाहीत. हँडलवरच्या क्लचच्या दांडीच्या टोकाला थोडी ढील ठेवावी लागते, ती किती, यावर मल्लेश बोटाचं पेर दाखवायचा. अक्कांना ते माप कच्चं वाटलं. माझं पेर वेगळं, ह्यांचं वेगळं. त्यांनी शेंगदाणा घेतला. दांडीचं टोक एका शेंगदाण्याच्या लांबीइतकं मोकळं हललं पाहिजे, मग वायर ताणली जावी. ढील अजिबात नसली तर क्लच धरतच नाही, इंजिन नुसतं रडतं आणि करपल्याचा वास येतो. ढील फार झाली तर दांडी पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही आणि गिअर टाकला की गाडी उडी मारते. अक्कांच्या कमरेच्या चंचीत तेव्हापासून कायम चार शेंगदाणे असतात. एखादा मी खाल्ला तर त्या माझ्यावर ओरडतात, "बाई, हत्यार खाऊ नगा!"

शाळेच्या मैदानावर संध्याकाळी सराव चालायचा; किल्ली रोज अप्पांकडून तासाभरापुरती मागून घ्यायची. सीटवर बुट्टी, बुट्टीत कडेला तडा गेलेल्या, विकायला न चालणाऱ्या भाकऱ्या. अक्का क्लच सोडायच्या, थांबायच्या, बुट्टी उघडून बघायच्या. पहिल्या महिन्यात इतका चुरा झाला की गल्लीतल्या म्हशींच्या दुधाला साय जाड धरायला लागली. दुसऱ्या महिन्यात चुरा निम्मा झाला. दिवाळीपर्यंत म्हशी आमच्या दाराशी येऊन निराश होऊन परत जाऊ लागल्या. शिकाऊ लायसन्स निघालं, नंबर प्लेटवर तांबडा एल चिकटला.

या सगळ्यात अप्पांची काय गत झाली असेल ते बघा. क्लच अक्कांच्या हाताला बसवलेला, त्यामुळं अप्पांनी आपल्या सवयीनं सोडला की गाडी बंद पडायची. चौकात, चारचौघांत. शेवटी एका जेवणात ते ताटावरून म्हणाले, "वेळ अमावस्येला तूच चालव. म्या मागं बुट्टी धरून बसतो. नागम्माच्या शेतात बुट्टीतनं एक जरी मोडकी भाकरी निघाली, तर पुन्यांदा किल्लीचं नाव काढायचं न्हाय."

"आन न्हाय निघाली तर?"

"तर किल्ली तुझी. म्या मागून घीन."

"पंच कोन?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं स्कूटी आहे, तिला क्लचच नाही, तेव्हा मी कोणाच्याच बाजूची नाही असं ठरलं.

मला मात्र तेव्हापासून एकच घोर. बुट्टी अप्पांच्या मांडीवर. नऊ किलोमीटरच्या खडबडीत वाटेत त्यांना जरा गुडघा दाबायचा अवकाश, अक्कांची किल्ली गेली. देवमाणूस असले तरी नवराच ना. मी मनाशी ठरवलं, यांच्या हातावरून नजर हटवायची नाही.

अमावस्येच्या दिवशी सकाळी साडेसहाला अक्कांनी शेवटचं म्हणून क्लच दाबून बघितला आणि कान टवकारले. मला काही ऐकू आलं नाही. त्यांना आलं. त्यांनी दांडीतून वायरचं टोक काढलं. टोकाच्या धातूच्या मण्याजवळ तारा तुटून विस्कटल्या होत्या, तीन-चारच शाबूत. अंगणात गाडी उभी, घरात एक्कावन्न भाकऱ्या तयार आणि उमरग्यापर्यंत एकही गॅरेज उघडं असण्याची शक्यता नाही. तरी मी मल्लेशला फोन लावला. मागं पोरांचा गलका, कोणीतरी आंबील ओततंय. "बाई, शेतात हाय! अक्काला घिऊन जेवाया या!" आणि फोन बंद.

अप्पा दारात उभे राहून मिशीवरून हात फिरवत होते. "ऱ्हाऊ दे मग औंदा," ते फार मऊ आवाजात म्हणाले. इतक्या मऊ की मला राग आला.

अक्का आत गेल्या, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि नवीकोरी क्लच वायर बाहेर काढली.

"ही कधी आणली?" अप्पा.

"वायर तळली त्याच्या दुसऱ्या दिशी. तुमी कणगीत कवा हात घालताव?"

पुढचा पाऊण तास मी नुसती बघत होते. जुन्या वायरच्या टोकाला नवी दोऱ्यानं बांधली आणि जुनी ओढत नवी आत नेली, म्हणजे वळणं चुकत नाहीत. परकरात नाडी ओवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. खालचं टोक इंजिनाशी अडकवलं, वरचा मणी दांडीत बसवला, खालचे नट पान्यानं आवळले. हँडल पार डावीकडं, पार उजवीकडं फिरवून वायर कुठं ताणत नाही ना ते बघितलं. चंचीतून शेंगदाणा काढून माप घेतलं. गाडी सुरू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. चाक शांत. हळूच सोडला. गाडी पाळण्यासारखी पुढं सरकली. अक्कांनी तो शेंगदाणा तोंडात टाकला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना हत्यार खाताना पाहिलं.

नऊ वाजता वरात निघाली. पुढं अक्का, सासूबाईंचं ट्रंकेतलं नऊवारी लुगडं काढून कासोटा घातलेल्या, वर हेल्मेट. मागं अप्पा, मांडीवर बुट्टी, तिच्यात जुन्या धोतराच्या घड्यांत एक्कावन्न भाकऱ्या. त्यांच्यामागं मी, पंच.

पण वेळ अमावस्येला गाडीवरून जाणं म्हणजे काय, याचा आम्ही कोणीच विचार केला नव्हता! दर पन्नास पावलांवर एक शेत आणि दर शेतातून हाक. "अक्का, या!" "अप्पा, टेका की!" "मास्तरीणबाई, उंडे खाल्ल्याबिगर जाताव व्हय?" थांबायचं म्हणजे पुन्हा निघायचं, निघायचं म्हणजे क्लच सोडायचा, आणि प्रत्येक वेळी एक्कावन्न जीव टांगणीला. अक्का हात हलवत, "येताना, येताना!" ओरडत सहा किलोमीटर पार करून गेल्या. पुढच्या शेताशी म्हातारे गोरोबा वाटेच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. ऐंशीचा माणूस, अंगावरून गाडी थोडीच घालणार.

"साकु, काका, साकु! पोट भरलंय!" अक्का म्हणत राहिल्या. गोरोबांनी वाढणं थांबवलं नाही. मला भज्जीवर भज्जी. आंबिलीचा तिसरा तांब्या रिचवून आम्ही सुटलो तेव्हा मला स्कूटीवर बसवेना. हरभऱ्याच्या हिरव्या पट्ट्यापुढं अक्कांनी गाडी सुरू केली, क्लच दाबला, पहिला टाकला, आणि गाडीनं उडी मारली.

चांगलीच उडी. अप्पांची टोपी उडाली. अक्कांनी लगेच ब्रेक मारला, गाडी बंद केली.

"मोडली का वो?"

अप्पांनी धोतराच्या घड्यांत हात घातला, जरा वेळ चाचपून बघितलं. "न्हाय," ते म्हणाले.

"नवी वायर बसली खाली. ढील वाढली," अक्का म्हणाल्या. नवी वायर थोडी चालली की जरा सैलावते, हे त्यांनी बरोबर ओळखलं. खाली उतरून त्यांनी दांडीजवळची छोटी चाकी हातानंच दोन फेरे फिरवली. गोरोबा, त्यांची सून आणि वाटेवर जमलेली सात-आठ माणसं सल्ले देत होती. एक म्हणे घट्ट करा, दुसरा म्हणे सैल करा, तिसरा म्हणे आधी जेवून घ्या. अक्कांनी शेंगदाणा लावला, मान हलवली, चाकी आवळली. पुन्हा पहिला टाकला. गाडी सरळ, गुमान निघाली.

आणि मागून मी बघितलं, अप्पांचा उजवा हात बुट्टीतल्या धोतराच्या घडीखाली गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच! ज्याची मला भीती होती तेच! मी हॉर्न वाजवला. अप्पांनी मागं बघितलं नाही. हात बाहेर आला, तोंडाकडं गेला, जरा वेळानं पुन्हा घडीखाली. वर आणि तोंडात सुपारी चघळत बसल्यासारखा शांत चेहरा. शेवटचे तीन किलोमीटर मी मनातल्या मनात निकाल लिहीत होते. पंच म्हणून मी जाहीर करते की श्री. महांतप्पा यांनी चालत्या गाडीवर, डोळ्यांदेखत... असं काहीबाही. एवढी चीड मला बदलीच्या ऑर्डरवरसुद्धा आली नव्हती.

नागम्मांच्या शेतात सगळे वाट बघत होते. शिवप्रिया पळत आली, आईला हेल्मेटमध्ये बघून तोंडावर पदर धरून हसायला लागली. अप्पांनी बुट्टी कोपीपुढं ठेवली आणि कोणी काही बोलायच्या आत आंबिलीचा तांब्या उचलून घटाघट प्यायले. मग दुसरा. नागम्मांनी घडी उघडली आणि एकेक भाकरी काढून दुसऱ्या घडीवर ठेवायला लागल्या. मी गुडघ्यावर बसून बघत होते. प्रत्येक भाकरी अख्खी, गोल, कुठं टवका नाही. तीस. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास.

बुट्टी रिकामी. मोडका तुकडासुद्धा नाही.

"पन्नास?" नागम्मा म्हणाल्या. "शकुनाची एक कुठं गेली, इनबाई?"

"एक्कावन्न हुत्या!" अक्का उसळल्या. "तीनदा मोजल्यात म्या!"

"चुकलीस मोजाया," अप्पा म्हणाले. आवाज असा फाटलेला की त्यांनी घाईनं तिसरा तांब्या तोंडाला लावला.

मी त्यांच्या मिशीकडं बघितलं. मिशीत ज्वारीचा बारीक पांढरा चुरा होता. अंगावरच्या धोतरावर होता. उजव्या हाताच्या बोटांत होता.

गोरोबांच्या शेतापुढं गाडीनं उडी मारली तेव्हाच एक मोडली होती. अक्कांच्या हातानं. आणि ज्या माणसानं ती पैज लावली, जिंकायला ज्याला फक्त गप्प बसायचं होतं, त्यानं ती भाकरी तीन किलोमीटर तुकडा तुकडा करून, चटणी नाही, पाणी नाही, वाटेची धूळ खात कोरडी गिळली होती. मला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझा तो लिहिलेला निकाल मी मनातच टराटरा फाडला.

"पंचबाई," अक्का माझ्याकडं वळल्या, "सांगा की!"

"पैज काय होती?" मी उभी राहिले, पदर सावरला. वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं, "बुट्टीतून मोडकी भाकरी निघाली तर. निघाली का? नाही. किल्ली अक्कांची."

शेतात एकच गलका झाला. नागम्मांनी एक भाकरी उचलून टिचकी मारली, टण्ण वाजली. "इनबाई, ह्या अशा साबूत कशा काय आणल्या?" "क्लचनं," असं म्हणून अक्कांनी गाडीची किल्ली काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. पण त्या अप्पांकडं बघत होत्या, बराच वेळ, आणि त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. अप्पा मात्र दणकून जेवले. दोनदा उचकी लागली.

दिवस कलल्यावर परत निघालो. अप्पा गाडीशी उभे राहिले, सवयीनं खिसा चाचपला, मग हात खाली सोडला. अक्कांनी गाडीवर बसून किल्ली लावली आणि मागं न बघता म्हणाल्या, "चटणीबिगर कोरडी भाकरी कशी हो गिळली तुमी?"

अप्पा मिशी झटकत मागं बसले.

"मला सांगायचं की. म्या हरले असते, एवढंच ना?"

"तू हरून रुसल्यावर घरात कोन ऱ्हानार?" अप्पा पुटपुटले. "बाईंनी तर पुन्यांदा स्वैंपाक चालू केला असता."

हेल्मेटच्या आतून अक्का काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. क्लच मात्र असा सुटला की अप्पांचा खांदाही हलला नाही.

वाटेत कोणी हाक मारली नाही. माणसं जेवणं आवरून, दिवे घेऊन कोपीभोवती फिरत होती. आमच्या गावाचा फाटा आला. मी स्कूटी वळवायला हात दाखवला. अक्कांनी दाखवला नाही. त्यांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला आणि सरळ हायवेच्या रस्त्याला लागल्या.

"अगं शांता!" अप्पा ओरडले. "गाव मागं राहिलं!"

"म्हाईत हाय!"

"मग निघालीस कुठं?"

"अजून ठरवलं न्हाय!" अक्का ओरडल्या आणि चौथा टाकला.

अप्पा एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं अक्कांची कंबर धरून बसले होते. मी फाट्यावर थांबून त्यांची गाडी उमरग्याकडं जाताना बघत राहिले, ती चढ ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत.